पोटातलं ओठांवर यायला हवं

पोटाच्या दुखण्यासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. पोट बिघडलं, आव पडली, उष्णता झाली, बाहेरचं बाधलं, मूळव्याध उठली. यातला एखादा शब्द उच्चारला की घरातले निश्चिंत होतात. ताक, इसबगोल, डाळिंबाची साल असं काहीतरी पुढे येतं आणि विषय मिटतो. ‘शौचातून रक्त जातंय’ हे वाक्य मात्र घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. २३ वर्षांचा मुलगा तर नाहीच नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा डिप्लोमा करून अकोल्याहून फरीदाबादला आमच्याकडे राहायला आला, तो नोकरीसाठी. फरीदाबाद हे कारखान्यांचं गाव. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या इथल्या भागाला आजही एनआयटी म्हणतात, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला क्वालिटी विभागात काम मिळालं. पोरगा हसतमुख, खाण्याचा शौकीन. पहिल्या हिवाळ्यात त्याने इथले मुळ्याचे पराठे असे हाणले की माझे यजमान म्हणाले, “अरे, हरियाणाचा झालास तू!”

त्याच हिवाळ्यात त्याला रक्त दिसायला लागलं होतं. हे आम्हाला कळलं फेब्रुवारीत. तोवर त्याने औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचं मलम आणून लावलं होतं. कारखान्यात लाइन सोडून सारखं सारखं उठता येत नाही म्हणून तो सकाळचा नाश्ता टाळायचा, दुपारचा डबा अर्धा परत आणायचा. एकदा त्याचा पँटचा पट्टा खुर्चीवर पडला होता. त्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मावशी, तू आईला सांगू नकोस, पण मला रोज सात-आठ वेळा जावं लागतं.”

नाव कळलं, आजार कळायला वेळ लागला

दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि नाव कळलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते. याचाच भाऊ म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. दोघांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, एवढं कळलेलं आहे. नेमकं कोणामुळे आणि कशामुळे, हे एका वाक्यात सांगता येत नाही. तिखट खाल्ल्याने किंवा टेन्शन घेतल्याने तो जन्माला येत नाही, हे मात्र डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

‘हा तर गोऱ्या लोकांचा आजार’ असंही आम्हाला कुणीतरी ऐकवलं. पण लुधियान्याचे डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघर फिरून सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी केली होती. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दर लाख लोकांमागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे आजार आपल्याकडेही होताच, फक्त त्याचं नाव घेतलं जात नव्हतं. आणि न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये या आजारावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हाच नोंदवलं होतं की तो मुख्यतः तरुणांना होतो. शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्याच्या ऐन धामधुमीत तो गाठतो.

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला काही आठवडे स्टेरॉइड, ते हळूहळू कमी करत बंद, आणि सोबत रोज घ्यायची दुसरी गोळी. पावसाळा येईतो भाचा पूर्ववत झाला. वजन वाढलं, पट्ट्याची जुनी भोकं परत कामाला आली.

दिवाळीत तो अकोल्याला गेला. तिथे नात्यातल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं, “बरं वाटतंय ना? मग रोज गोळ्या कशाला? किडन्या जातील.” त्याने रोजची गोळी सोडली. जानेवारीत रक्त परत दिसलं, तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून स्टेरॉइडची पट्टी आणली. चार दिवस घेतली, बरं वाटलं, थांबवली. पुन्हा रक्त, पुन्हा पट्टी. सगळं गुपचूप. मला त्याचा चेहरा गोल दिसायचा, पण हात काडीसारखे. विचारलं की म्हणायचा, “कामाचा ताण आहे, मावशी.”

तिसरा दिवस

एप्रिलमध्ये एका रात्री तो १२ वेळा उठला. सकाळी ताप होता, नाडी पळत होती. सरळ दवाखान्यात भरती केलं. दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, किंवा नाडी मिनिटाला ९० च्या वर, किंवा रक्त खूप कमी झालेलं, असं असेल तर तो झटका गंभीर धरतात. असा माणूस घरी ठेवायचा नसतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. तेव्हा मला समजलं की या आजारात तिसरा दिवस फार महत्त्वाचा असतो. तीन दिवसांत स्टेरॉइडचा गुण आला नाही तर पुढची पायरी ठरवावी लागते. दुसरं जोरकस औषध द्यायचं की ऑपरेशन करायचं? वाट पाहत राहणं हा पर्याय नसतो. आमच्या बाबतीत चौथ्या दिवशी एक्स-रेमध्ये मोठं आतडं फुगलेलं दिसलं, सहा सेंटिमीटरच्या वर. ते फुटलं तर जिवावर बेतलं असतं. सर्जनने सांगितलं, मोठं आतडं काढावं लागेल आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावावी लागेल.

बहीण आणि भाऊजी अकोल्याहून येऊन पोहोचले होते. ‘पिशवी’ हा शब्द ऐकून भाऊजी मटकन खाली बसले. “२४ वर्षांचा आहे हो तो. लग्न व्हायचंय. दोन दिवस थांबून बघू ना.” बहीण नुसती माझा हात धरून होती. सर्जनने आवाज न चढवता सांगितलं, “काका, दोन दिवसांनीही पिशवीच लागणार आहे. फक्त तेव्हा तो आजच्यापेक्षा अशक्त असेल.” भाच्याने स्वतःच कागद मागून घेतला आणि सही केली. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतरचे दिवस

ऑपरेशन नीट पार पडलं, आणि आम्हाला वाटलं सुटलो. सहाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. मोठं आतडं काढलं तरी खालचा गुदाशयाचा भाग ठेवलेला असतो. त्याच्या शिवलेल्या टोकातून थोडं झिरपून ओटीपोटात पू साठला होता. सोनोग्राफीत बघून नळी घातली, पू काढला. त्यानंतर टाक्यांची खालची बाजू उकलली. मग डावी पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती.

या गुठळीचं आम्हाला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. भरती झाल्यापासून त्याला पोटात रोज एक छोटं इंजेक्शन देत होते, रक्त गोठू नये म्हणून. बहिणीने नर्सला विचारलंही होतं, “अहो, याचं रक्त जातंय आणि तुम्ही रक्त पातळ करता?” पण या आजारात आतड्याला सूज असते तेव्हा रक्त शिरांमध्ये गोठण्याचा धोका वाढतो. त्यात ऑपरेशन आणि अंथरुणाला खिळणं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. इंजेक्शनने धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

एका संध्याकाळी मी सर्जनला विचारलं, “ऑपरेशन चांगलं झालं म्हणालात, मग हे एकामागून एक का?” त्यांनी समजावून सांगितलं, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. महिनोन् महिने स्टेरॉइड पोटात गेलेलं असलं की जखम भरत नाही आणि जंतू लवकर पसरतात. रक्त आणि प्रथिनं कमी झालेली असली की टाके धरत नाहीत. वजन १० किलोने उतरलेलं असलं की शरीराकडे झुंजायला काही शिल्लक नसतं. ऑपरेशन तीन तासांचं होतं. त्याच्या अडचणींची तयारी जानेवारीपासून चालू होती.

मला या सगळ्यातून समजलेली मोठी गोष्ट हीच. आपण ‘ऑपरेशनमुळे गुंतागुंत झाली’ असं म्हणतो आणि म्हणून ऑपरेशन लांबवत राहतो. खरं तर बरीचशी गुंतागुंत लांबवण्यातून येते. वेळेवर, अंगात ताकद असताना, ठरवून केलेलं ऑपरेशन आणि रात्री धावपळीत केलेलं ऑपरेशन यांत फार फरक असतो. आणि वेळ कुठे जातो? तो घरात जातो, लाजेत जातो, ‘आईला सांगू नकोस’मध्ये जातो.

पाणी पाज, पण नुसतं नको

२३ दिवसांनी तो घरी आला. मे महिना. फरीदाबादचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा ४४-४५, त्यात वीज जाणारी. मोठं आतडं शरीरातलं पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं काम करतं. ते नाही म्हटल्यावर सगळं पातळ होऊन पिशवीत उतरतं. आम्ही आपले त्याला माठातलं पाणी, ग्लासावर ग्लास पाजत होतो. तो जितकं पीत होता तितकी पिशवी भरत होती. तिसऱ्या दिवशी पायांत गोळे आले, उभं राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. पुन्हा दोन दिवस सलाइन.

तिथल्या नर्सबाईंनी मग आम्हाला शिकवलं. अशा रुग्णाने नुसतं पाणी भरमसाट प्यायलं तर शरीरातलं मीठ आणखी बाहेर पडतं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-पाऊण नाही, आणि दिवसभर घोट घोट घ्यायचं. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं की डॉक्टरांना फोन करायचा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, काठोकाठ भरू द्यायची नाही. स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, पहिले काही आठवडे आक्रसत जातं. म्हणून दर आठवड्याला मोजून चकतीचं भोक तेवढंच कापायचं. भोक मोठं राहिलं तर मल कातडीवर येतो आणि भाजल्यासारखं होतं. घामाने चकती सुटते, म्हणून कातडी नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल-पावडर लावायची नाही.

पहिल्यांदा पिशवी बदलताना बहिणीचे हात थरथरले. दुसऱ्यांदा माझे यजमान पुढे झाले. स्टोपवॉच लावून म्हणाले, “चल, कारखान्यासारखं करू. सायकल टाइम किती येतो बघू.” भाचा ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला तो तेव्हा. पुढे तोच आठ मिनिटांत एकट्याने करायला लागला.

पुढचे प्रश्न

या निमित्ताने मला अशा आणखी घरांची माहिती झाली. एका ओळखीच्या मुलीला क्रोन्स आहे. तिला आधी कित्येक महिने टीबीची औषधं दिली होती. आपल्या देशात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दिसायला इतके सारखे असतात की अनुभवी डॉक्टरांनाही फरक करणं अवघड जातं. म्हणून टीबीच्या गोळ्या घेऊनही पोट सुधारत नसेल तर दुसऱ्यांदा तपासायला सांगणं हा रुग्णाचा हक्क आहे. उलट, टीबी लपलेला असताना या आजाराची जोरकस औषधं दिली तर टीबी उसळतो. त्यामुळे छातीचा एक्स-रे वगैरे आधी करतात, तो वेळकाढूपणा नव्हे. क्रोन्समध्ये ऑपरेशनने आजार कायमचा जात नाही, जोडाच्या जागी तो परत येऊ शकतो. ऑपरेशननंतरही औषध लागतं आणि सिगारेट तर पूर्ण बंद, कारण तिने तो परत येण्याचा धोका वाढतो.

भाच्यापुढे आता वेगळा निर्णय आहे. लहान आतड्याचीच थैली करून ती खाली जोडायची, म्हणजे पोटावरची पिशवी जाते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. ऐकायला सोपी वाटते, पण ती टप्प्याटप्प्याने करायची ऑपरेशनं आहेत. त्यानंतरही दिवसाला पाच-सहा वेळा शौचाला जावं लागतं आणि थैलीला सूज येऊ शकते. मुलींच्या बाबतीत ओटीपोटातल्या या ऑपरेशनने पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते, दुर्बिणीतून केलं तर ती कमी होते. हे आधी विचारून घ्यायला हवं. काही जण पिशवीच ठेवतात. भाच्याने घाई केलेली नाही. “आधी वजन होऊ दे, मग बघतो,” म्हणतो. उरलेल्या गुदाशयाची तपासणी मात्र वेळच्या वेळी करत राहावी लागते, कारण तिथे आजार शिल्लक असतो.

पैशांचं म्हणाल तर पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जात होता, त्याचा मोठा आधार झाला. उपचारांव्यतिरिक्त आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, हे कारखान्यातल्या कित्येक मुलांना माहीत नसतं. माहिती आणि धीर हवा असेल तर मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था कित्येक दशकं काम करते आहे. पिशवी लावून संसार आणि नोकरी करणारी माणसं तिथे भेटतात.

रोल्फ बेनिर्श्के या अमेरिकन फुटबॉल खेळाडूची गोष्ट भाच्याने स्वतः शोधून काढली. १९७९ मध्ये, २४ व्या वर्षी, तो संघाबरोबर विमानाने परतताना कोसळला. आतड्याच्या याच आजाराने काही दिवसांच्या आत त्याची दोन ऑपरेशनं झाली, तो मरणाच्या दारातून परतला. पुढच्याच हंगामात तो पोटावर पिशवी लावून मैदानात उतरला आणि १९८६ पर्यंत सॅन दिएगोच्या संघाकडून खेळला. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनाही किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ आणि २०२० मध्ये त्यांनी पद सोडलं त्यामागे हा आजार होता. मधली आठ वर्षं त्यांनी त्याच पोटासह देश चालवला. भाचा म्हणतो, “मावशी, त्यांनी सगळ्या जगासमोर सांगितलं. मला एका सुपरवायझरला सांगायचंय.”

त्याने सांगितलं. सुपरवायझरने त्याची जागा बाथरूमजवळच्या टेबलावर केली. आता दर दोन महिन्यांनी तो तपासणीला एकटा दिल्लीला जातो. कालकाजी मंदिरला मेट्रो बदलायची, हौज खासला परत बदलायची, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर स्वच्छतागृह कुठे आहे ते त्याला पाठ आहे.

लग्नाचा विषय बहीण काढते तेव्हा तो शांतपणे म्हणतो, “आई, पहिल्या भेटीतच सांगेन. ज्यांना उठून जायचंय ते लवकर उठतील.” बहीण डोळे पुसते, पण आता ‘पिशवी’ हा शब्द उच्चारते. अकोल्याला नात्यातल्या बायकांनाही सांगते.

गेल्या महिन्यात कारखान्यातला एक नवा मुलगा, २१ वर्षांचा, दुपारचा डबा न खाता बसलेला त्याला दिसला. याने सरळ विचारलं, “रक्त जातं का?” तो मुलगा दचकला, मग मान हलवली. दुसऱ्या दिवशी भाचा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासणीचा निकाल यायचाय. साधी मूळव्याध निघाली तर उत्तमच. दुसरं काही निघालं तरी त्याच्या अंगात अजून ताकद आहे, आणि त्याच्या आईला हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं आहे.